एक डोळा मिटलेली पलटण

अक्षराचं आधीच सांगून ठेवते. ते वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घाचं तर मी कधी मनावरच घेतलं नाही. चौथीत गुरुजी ते शिकवत होते तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. ही वही नातीची. निम्मी कोरी राहिली होती म्हणून मी घेतली आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवली. कुणी वाचणार नाही असं धरून लिहिते. चुकून कुणी वाचलीच तर काना-मात्रा आपापल्या पदरच्या घालून घ्याव्यात. गंमत एवढीच, की याच हाताने मी एके काळी चिंचोक्याएवढ्या कोटावर चार बटणं काढत असे, आणि चारही एका ओळीत. पेन धरलं की हा हात दुसऱ्याच कुणाचा तरी होतो.

मी कापडे गावची. घरी भातशेती, माणसं भरपूर, आणि सगळी मोठ्याने बोलणारी. मी मात्र बोलत नसे. मुकी नव्हते, पण परकं माणूस ओटीवर आलं की माझे पाय आपोआप कणगीमागे जायचे. शेवटी आईने मला महाडला मामाकडे पाठवायचं ठरवलं. बाजाराचं गाव, चार माणसं येतात-जातात, पोरीला वाचा फुटेल, असा तिचा विचार. निघताना तिने माझ्या रुमालाच्या टोकाला आठ आण्याचं नाणं गाठ मारून बांधलं. "नायच जमलं तर यष्टीत बसायचं नि परत यायचं. हे तिकिटाचं हायत, खायाचं नाय," असं तिने तीनदा सांगितलं. ती गाठ मी कितीतरी महिने उशाखाली घेऊन झोपत असे. पहिले काही दिवस रडताना, आणि नंतर ती कधी सोडायला लागू नये म्हणून.

कारण मामाचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्या मागची पडवी. पण आषाढ लागला की तिथे पाय ठेवायला जागा नसायची. शाडू तुडवण्याचा पचक-पचक आवाज, डिंक उकळल्याचा वास, वर पाऊस आणि खाली हारीने मांडलेले बिनरंगी गणपती. त्या सगळ्यात मामीचं कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी. भाकरी खाताना बोटांना लागलेला रंग तोंडात जायचा. मी किती रंग खाल्ला असेल देव जाणे, पण सत्तरी ओलांडली तरी दात शाबूत आहेत. मामाचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. बाकीचं रंगकाम कसंही निभावतं, पण डोळ्यांची आखणी हलत्या हाताने होत नाही. एकदा त्याने सहज माझ्या हातात बारीक कुंचला दिला. मी श्वास रोखला आणि डोळा काढला. मामा बराच वेळ त्या डोळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही पोर बोलत नाय ते बरंच हाय. बोलणाऱ्याचा हात हलतो." त्या दिवसापासून आखणी माझ्याकडे आली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या न बोलण्याचा कुणाला तरी उपयोग झाला होता.

आखणीचे नियम मामीकडे होते. डोळे सगळ्यात शेवटी. काढताना मागे कुणी शिंकायचं नाही. आणि डोळे एकदा उघडले की मूर्तीत जीव आला. मग ती तुटली-फुटली तर खंडित झाली. खंडित मूर्ती घरात ठेवायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, चिकटवायची तर मुळीच नाही. नदीत सोडायची. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा, पुढचं सगळं त्यानेच झालं.

आमच्या आळीच्या टोकाला एक सुभेदार राहत. पलटणीतून निवृत्त झालेले. इटलीतल्या लढाईत गुडघ्याला मार बसला होता, तो सव गावच्या गरम पाण्यात शेकायला ते दर आठवड्याला जात. त्यांचे एकमेव मित्र म्हणजे समोरचे वकील. वकील रायगडाच्या पायऱ्याही कधी पुऱ्या चढले नव्हते, पण जगातल्या लढाया त्यांना पाठ. या दोघांचा एक खेळ होता. जुन्या दाराची फळी दोन स्टुलांवर आडवी टाकलेली, तिच्यावर चौकटी आखून एक नदी, एक पूल आणि दोन डोंगर रंगवलेले. सुभेदार जिथे लढले तीच ती नदी. एका साहेबाने त्यांना या खेळाचं पुस्तक दिलं होतं, त्यातल्या फाशांच्या जागी यांनी कवड्या घेतल्या. सहा कवड्या टाकायच्या, चार उताण्या पडल्या की समोरचा गडी मेला. पूल आधी ओलांडेल तो जिंकला. सुभेदारांची फौज चिंचोक्यांची आणि वकिलांची, म्हणजे जर्मन फौज, भुईमुगाच्या शेंगांची. भांडण असं, की सुभेदार मेलेला जर्मन तिथल्या तिथे सोलून खात, आणि मग वकील म्हणत, "तो मेला नव्हता, जखमी होता! आता पुरावा कुठून आणू?"

म्हणून एके दिवशी सुभेदार मामाकडे आले. बोटाएवढे तीस शिपाई हवेत, आणि जसे होते तसेच्या तसे. वकिलांनी लगेच आपलेही तीस सांगितले. मामाने दर आठ आणे ठरवला. सुभेदारांचे पंधरा रुपये आगाऊ घेतले, कागदावर पोच लिहून दिली, आणि त्याच आठवड्यात त्या पंधरा रुपयांचे पत्रे पडवीवर घातले. साचा मामाने केला, बंदुका मी केल्या. खराट्याचा एक हीर घेऊन कातरला की सहा बंदुका होत. रंगवायचं काम सगळं माझ्यावर आलं.

नमुन्याला सुभेदारांनी ट्रंकेतला आपला जुना लोकरी कोट आणून खुंटीला टांगला. त्या कोटाचा रंग मिळवताना माझी वाट लागली. पिवळ्या पिवडीत काजळी घातली, थोडा गेरू घातला, आणि पहिले पाच शिपाई वाळवून दाखवले. मी दाराआड उभी होते. बाहेरून आवाज आला, "हे काय? लग्नाला निघालेत का? अंगाला हळद लावून माझी पलटण नदी उतरली नव्हती!" परत रंग केला. मग चेहऱ्यांवर अडलं. आमच्याकडे चेहऱ्याचा रंग एकच, गणपतीचा गुलाबी. सुभेदारांनी तो बघून कपाळाला हात लावला. "माझी पोरं गुलाबी? अरे, एकेकाचं तोंड उन्हात भाजून नाचणीच्या भाकरीवाणी झालेलं." मामीने खरोखरच नाचणीची भाकरी आणून माझ्यापुढे ठेवली, आणि मी तिच्याकडे बघून रंग मिळवला. उरलेला गुलाबी वकिलांच्या जर्मनांना गेला. वकील भलतेच खूश. "पाहा, देवाचा वर्ण कुणाच्या बाजूला आहे!"

डोळ्यांवर मात्र सुभेदारांचं समाधान कधीच झालं नाही. मला एकच डोळा येत होता. मोठा, पाणीदार, अर्धी पापणी खाली, सगळ्या जगाला क्षमा करणारा. तो मी साठही शिपायांना काढला. सुभेदारांनी एकेक शिपाई उचलून नाकाजवळ धरला. "कोट बरोबर. बटणं बरोबर. टोपी बरोबर. पण हा गोळी घालील का मोदक मागील?" मग दाराकडे तोंड करून, म्हणजे मला, म्हणाले, "पोरी, नेम धरताना डावा डोळा मिटतो." मामा आडवा आला. "सुभेदार, आपल्या पडवीत मिटलेला डोळा काढत नायत. माझ्या बापानं काढला नाय." सुभेदारांनी सुस्कारा सोडला आणि पलटण तशीच घेऊन गेले. पावसाळाभर त्यांच्या घरी कवड्या वाजत राहिल्या. वकील प्रत्येक वेळी म्हणत, "तुमची फौज आशीर्वाद देते आहे, सुभेदार. गोळी कधी झाडणार?"

शाडू आणि पावसाळी दमट हवा यांचं जमत नाही. गणपती बसले तोवर सुभेदारांच्या सहा शिपायांच्या माना तुटल्या आणि बऱ्याच जणांच्या बंदुका गळल्या. गौरी-गणपतीच्या विसर्जनादिवशी सकाळी सुभेदार अख्खी पलटण खोक्यात घालून घेऊन आले. घरात बाकी सगळे आवराआवरीत. दारात मी एकटी. त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "दुरुस्ती. सावकाश होऊ दे," असं म्हणून ते सवच्या गाडीसाठी गेलेसुद्धा. मी मान डोलावली आणि खोका ओटीवर ठेवला.

दुपारी मामीने खोका उघडला. वरच सहा मुंडकी, आणि सहाही तिच्याकडे माझ्या त्या डोळ्यांनी बघत होती. "अगो बाई! खंडित! आणि आज, सणाच्या दिवशी, घरात!" मी म्हणाले, "मामी, ते..." पण माझा आवाज असा, की मलाच तो धड ऐकू आला नाही. "आदी आरती धर," मामी म्हणाली. गणपती निघाले. पुढे झांजा, मग मामाच्या डोक्यावर गणपती, मग शेजारणीच्या हातात गौर, मग काखेत खोका घेतलेली मामी आणि मागे ताम्हन घेऊन मी. वाटेत मी निदान सहा वेळा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी कुणीतरी 'मोरया' म्हणे. घाटावर मी शेवटचा धीर केला आणि मामीचा पदर ओढला. ती म्हणाली, "थांब गो, प्रसाद मागनं." आणि खोका पाण्यात उपडा केला.

सावित्री तेव्हा तुडुंब आणि गढूळ. शिपाई दगडासारखे गेले. थोडा वेळ पाण्यावर एक खाकी डाग राहिला. मग हिराच्या बंदुका तेवढ्या वर आल्या, आणि एकामागून एक, कुणी हुकूम सोडल्यासारख्या, खाडीच्या दिशेने निघाल्या. सगळा घाट हात जोडून 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत होता. मी ताम्हन घेऊन उभी होते आणि मला रडावं की हसावं ते कळत नव्हतं. आज लिहिताना हसूच येतं. तेव्हा मी रडले.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांना मामाने सांगितलं. ते ओटीच्या कडेला बसले. मामी मात्र खचली नाही. "मोरया म्हनून सोडलीत, भावोजी. चांगल्या चांगल्यांना मिळत नाय असं मरान." तेवढ्यात वकील आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे एकही गोळी न झाडता तुमची फौज बुडाली. मी विजय जाहीर करतो." सुभेदार ताडकन उठले. "दसऱ्याला फळी मांडू. माझे तीस उभे राहिले नाहीत तर तुमचा विजय मी लिहून देईन." मग मामाकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "नाहीतर माझे पंधरा रुपये."

पंधरा रुपये पडवीच्या छपरावर होते आणि त्यांच्यावर पाऊस वाजत होता. सुभेदार गेल्यावर मामा मला म्हणाला, "सकाळीच सांगितलं असतंस तर? चिमणीएवढा एक शब्द नाय निघत तुझ्या तोंडातनं? दसऱ्यापतूर तीस झाले तर ठीक, नायतर तुला कापड्याच्या यष्टीत बसवतो." तो रागाने बोलला होता, पण खोटं बोलला नव्हता. मी जाऊन रुमालाची गाठ चाचपली. कापड्याला कुंचला नव्हता.

त्या रात्री मी ठरवलं, की तीस करायचे तर सुभेदारांनी सांगितले तसेच करायचे. पण मिटलेला डोळा कसा दिसतो? झोपलेल्याचा मला माहीत होता. नेम धरणाऱ्याचा कुणी पाहिलाय? सकाळी सुभेदार काम कुठवर आलं ते बघायला अंगणात आले, आणि मी दाराबाहेर आले. पाय कणगीकडे ओढत होते. मी म्हणाले, "एकदा नेम धरून दाखवा." स्वयंपाकघरात मामीच्या हातातला डाव पडल्याचा आवाज झाला. परक्या पुरुषाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, मग पावसाळी अंगणाकडे. त्यांनी दोन पोती अंथरली, पालथे पडले, छत्री खांद्याला लावली आणि तुळशीवर नेम धरला. "नीट बघून घे." मी गुडघे टेकून त्यांच्या तोंडासमोर बसले. इतक्या जवळून मी बापाचाही चेहरा पाहिला नव्हता. डावा डोळा मिटलेला, पण झोपेसारखा नाही. गाल वर ढकलला गेलेला, भुवई खाली, तोंड एका बाजूला, जीभ दाताखाली. मला वाटलं होतं शिपाई लढताना उग्र दिसत असेल. तसं काही नव्हतं. सुईत दोरा ओवणारी मामी अशीच दिसत असे. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हलू नका." हेही मीच म्हणाले. पुरतं बघून झालं तेव्हा सुभेदारांचा गुडघा धरला होता. त्यांना उठवायला मामा आणि वकील दोघे लागले. वकील उचलता उचलता म्हणत होते, "शत्रू मदतीला आला, हे पुस्तकात कुठे बसतं?"

मग मी कामाला लागले. पाऊस उघडेना, म्हणून शिपाई वाळायला चुलीवरच्या फळीवर ठेवले, सुकटीच्या शेजारी. त्यामुळे ती पलटण शेवटपर्यंत सुकटीचा वास मारत असे. मामाने पहिला मिटलेला डोळा अगदी जवळून बघितला. मग डोकं खाजवत म्हणाला, "देवाचा मिटवायचा नाय. हे देव नायत." आणि पडवीत निघून गेला. बारा झाले, अठरा झाले. एकोणिसावा रंगवून झाला आणि माझ्याच हातून पडला. मान निराळी, धड निराळं. मामी समोरच. आता हा चालला नदीला, आणि याच्यामागून बाकीचे. मामीने मुंडकं उचललं, उजेडाला धरलं, आपलाही एक डोळा मिटून बघितलं. "एकच डोळा उघडा हाय ह्याचा," ती म्हणाली. "म्हंजे अजून जीव नाय आला पुरता. घे, चिकटव." बोटाने डिंक लावून तिनेच मान बसवली. जरा वाकडीच बसली. त्या शिपायाला सुभेदार पुढे लंगड्या म्हणत, मानेने वाकडा असूनही.

खंडेनवमीला सकाळी एकोणतीस तयार होते. तिसावा रंगाविना फळीवर वाळत होता, दसऱ्याला पहाटे रंगवायचा म्हणून. मामीने भाकरीसाठी फळीवरचा डबा ओढला आणि तिसावा खालच्या पिठल्यात गेला. शाडू तो, विरघळला. दुपारी मामाने पिठलं वाढून घेतलं आणि म्हणाला, "आज जरा कचकचतंय." मी ताटातून मान वर केली नाही. नवीन करता आला नसता का? नाही. नवमीला हत्यारं पूजेला लागतात. माझे कुंचले, मामाच्या कोरण्या, साचे, सगळ्यांना हळदकुंकू लागून ती पाटावर होती. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, हा नियम मामीचा नव्हता, मामाचा होता. आणि दसऱ्याला पहाटे केला तरी तो वाळणार कधी?

दसऱ्याला आपट्याची पानं आणि खोका घेऊन मी मामाबरोबर सुभेदारांकडे गेले. फळी मांडलेली होती. पलीकडे गुलाबी जर्मन मोठाले डोळे उघडून तयार. सुभेदारांनी आमचे शिपाई एकेक करून उभे केले. एकेकाचा चेहरा बघत होते. एकदा त्यांनी स्वतःचा डावा डोळा मिटला, बहुतेक त्यांना कळलंही नसेल. "आता हा गोळी घालील," एवढंच म्हणाले. पण वकील मोजत होते. "एकोणतीस! सुभेदार, करार तीसचा. लिहून द्या." मामाने माझ्याकडे बघितलं. दुपारची कापड्याची यष्टी मला तिथूनच ऐकू यायला लागली.

मी रुमाल काढला. गाठ इतकी जुनी की दातांनी सोडवावी लागली. "तिसावा पिठल्यात पडला," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे त्याचे आठ आणे." आणि नाणं फळीच्या कडेला ठेवलं.

वकील हसत सुटले. सुभेदार हसले नाहीत. त्यांनी नाणं उचललं, कोटाच्या बाहीवर घासलं, आणि नेऊन ओळीत तिसाव्या चौकटीत ठेवलं. "माझा तिसावा हजर आहे." वकील उसळले, "नाणं शिपाई कसं होईल?" सुभेदार म्हणाले, "नसेल तर पुरावा द्या." मग कवड्या सुरू झाल्या. लंगड्या पहिल्याच डावात मेला, मागून आणखी चौदा गेले, आणि संध्याकाळी पूल कुणी ओलांडला असेल तर त्या आठ आण्याने. पुढे कितीतरी वर्षं तो त्या पलटणीत होता. त्याच्यावरच्या सिंहांचे डोळे चांगले टक्क उघडे आहेत, पण ते आम्ही मामीला कधी दाखवलं नाही.

मला मात्र परतीचं तिकीट उरलं नव्हतं. मामा घरी जाताना पुढे चालत होता, त्याने यष्टीचं नावही काढलं नाही. निघताना सुभेदारांनी मामाची पंधरा रुपयांची पोच शोधून आणली होती, तिच्या मागे दौतीत टाक बुडवून चार शब्द लिहिले आणि कागद मामाला नाही, माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे. अक्षर माझ्यापेक्षाही वाईट. पण वाचता येतं: 'तीसच्या तीस मिळाले. पंधरा रुपये फिटले.'